रिपोर्ट नाही, तर माणूस मेलाच नाही का?

तिसरी लाट आली असं टीव्हीवर रोज सांगत होते. आपल्या माले भागातल्या वाड्यांवर मात्र दुसऱ्या लाटेचाच हिशेब अजून मिटलेला नाही.

2021 च्या एप्रिलात एका वाडीवरच्या मावशी गेल्या. आठ दिवस ताप, मग धाप लागली, नवव्या दिवशी पहाटे जीव गेला. घरातल्या आणखी तिघांना तसाच ताप होता, जेवणाला चव नव्हती, वास येत नव्हता. करोनाच होता, हे अख्खी वाडी सांगते. पण चाचणी झाली नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली, तिथे कारण पडलं 'ताप'.

नंतर सरकारने करोनाने गेलेल्यांच्या वारसाला 50,000 रुपये सानुग्रह सहाय्य देऊ केलं. मावशींचा मुलगा वीटभट्टीवरची दोन दिवसांची मजुरी बुडवून अर्ज भरायला गेला. संगणकावर बसलेल्याने विचारलं, "रिपोर्ट आहे का?" हा म्हणाला, "नाही दादा. गाडीच मिळाली नव्हती, रिपोर्ट कुठला?" तो म्हणाला, "मग होत नाही." एवढ्यावर विषय संपला. आम्ही म्हणतो, विषय इथूनच सुरू होतो.

नियम काय आहे ते आधी समजून घेऊ. सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2021 ला सांगितलं की करोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना मदत द्यावीच लागेल. 4 ऑक्टोबरच्या आदेशात पुढे सांगितलं की मृत्यूच्या दाखल्यावर 'करोना' लिहिलेलं नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही नाकारता येणार नाही. हे चांगलंच झालं. पण करोनाचा रुग्ण कोणाला म्हणायचं, हे केंद्र सरकारच्या सूचनेत ठरलेलं आहे. एक तर चाचणी पॉझिटिव्ह पाहिजे, नाहीतर दवाखान्यात भरती असताना डॉक्टरने तपासण्या करून निदान केलेलं पाहिजे. घरात, चाचणीशिवाय गेलेला माणूस या दोन्हीत बसत नाही. म्हणजे दाखल्याचं दार उघडलं आणि चाचणीचं दार बंद राहिलं. आपली माणसं त्याच दाराबाहेर आहेत.

मग चाचणी का झाली नाही? साहेब लोकांचं उत्तर तयार असतं: "तुमचे लोक घाबरतात, अडाणी आहेत, पथक आलं की रानात पळतात." पळतात हे खरं आहे, आम्ही नाकारत नाही. पण का पळतात ते कोणी विचारलं का? आपल्या वाडीवर एरवी जीप येते ती कशाला? दळीची जमीन सोडा म्हणून सांगायला, नाहीतर लाकडाची मोळी धरायला. जीप बघून पळायचं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. एका वर्षात ती जीप औषधाची झाली, हे माणसाला कळणार कसं?

भीतीच्याही आधी पोटाचा प्रश्न येतो. दिवाळी झाली की आपली निम्मी वाडी भट्टीवर आणि कोळशाच्या कामावर जाते, ती पावसाच्या तोंडावर परत येते. पथक वाडीवर येतं तेव्हा माणूस भट्टीवर असतो, आणि भट्टीवर पथक जात नाही, कारण तिथल्या यादीत त्याचं नाव नाही. मालकाची उचल अंगावर घेतलेली असते. पॉझिटिव्ह निघालं तर काम बंद, मजुरी बंद, उचल मात्र फिटत नाही. त्या दिवसांत चूल कशी पेटणार हे कोणी सांगत नाही. चाचणी फुकट आहे म्हणतात. नाकात काडी घालणं फुकट असेल, पण त्याच्यापुढचे दिवस फुकट नाहीत.

मग वाट. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत पायी, तिथून पुढे गाडी. एसटीचा संप दोन महिन्यांहून जास्त चालला. कामगारांची मागणी न्याय्य होती, त्यांच्याशी आपलं भांडण नव्हतं. पण तोडगा निघेपर्यंत पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत तापाचा माणूस न्यायचा तर खाजगी जीप करावी लागत होती, आणि ताप म्हटला की जीपवाला बसवत नव्हता.

मग कागद. चाचणीच्या फॉर्मवर मोबाईल नंबर लागायचा, पत्ता लागायचा, ओळखपत्र लागायचं, फोनमध्ये आरोग्य सेतू आहे का तेही विचारायचे. आपल्या कातकरी घरांत कित्येकांकडे आधार नाही. एका फोनवर चार घरं चालतात, आणि टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. रिपोर्ट आला तरी तो दुसऱ्याच्या फोनवर येतो.

आता दुसरी बाजू बघा. राज्यातले पहिले रुग्ण 9 मार्च 2020 ला सापडले ते पुण्यात. विषाणूची देशातली मोठी प्रयोगशाळा एनआयव्ही पुण्यात. आरटीपीसीआर चाचणीचं पहिलं देशी किट बनवलं पुण्याच्या मायलॅबने, कारखाना डोंगरापलीकडे लोणावळ्याला. घरच्या घरी करायचं 250 रुपयांचं किट मे 2021 मध्ये मंजूर झालं, तेही त्यांचंच. पण त्याचा निकाल नोंदवायला स्मार्टफोनवरचं ॲप लागायचं. ज्या तालुक्यात हिंजवडी आहे त्याच तालुक्यात आपण आहोत. खाजगी लॅबच्या चाचणीचा दर सुरुवातीला 4,500 रुपयांपर्यंत होता, तो 2021 मध्ये 350 पर्यंत उतरला. दर उतरला म्हणून चाचणी डोंगर चढून वाडीवर आली नाही.

चाचणी कोणाची करायची हेही वरच ठरलं. सुरुवातीला नियम होता, परदेशातून आलेला आणि त्याच्या संपर्कातला. वीटभट्टीवरून आलेल्याला त्यात जागा नव्हती. नंतर नियम बदलले. 16 मे 2021 ला केंद्राने ग्रामीण आणि आदिवासी भागासाठी खास सूचना काढली. त्यात स्पष्ट आहे की रॅपिड अँटिजेन किट प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रातसुद्धा पाहिजे, आणि नर्सताईंना ती चाचणी करायला शिकवलं पाहिजे. या चाचणीला लॅब लागत नाही, अर्ध्या तासात निकाल कळतो. आम्ही या महिन्यात वाड्यांवर विचारत फिरलो. काही ठिकाणी ताईंनी किट दाखवलं. काही ठिकाणी "संपलं, वरून आलं नाही" हेच उत्तर. आशाताई आणि नर्सताईंना आपण दोष देत नाही, उन्हातान्हात वाडीवर आल्या त्या त्याच. कागदावरचा हुकूम आणि ताईंच्या पिशवीतलं किट यांच्यामध्ये जो बसलाय, त्याला आपण विचारायचंय.

साथींनो, हे आपल्याला नवीन नाही. 16 एप्रिल 1921 ला मुळशी सत्याग्रह सुरू झाला, त्याला 2021 च्या एप्रिलात 100 वर्षं झाली, आणि त्याच एप्रिलात आपल्या वाड्या तापाने फणफणत होत्या. धरणात जमीन बुडाली तेव्हा मोबदला कोणाकडे गेला? ज्याचं नाव कागदावर त्याच्याकडे. कसणारा पाण्याबाहेर हुसकला गेला आणि गहाणखत धरून बसलेला सावकार मोबदल्याच्या रांगेत उभा राहिला. ज्याचं नावच कुठे नव्हतं त्याचं काही बुडालंच नाही, असा हिशेब झाला. आज तोच हिशेब मरणाला लावतायत.

पण आपल्या हातात एक गोष्ट आहे. वनहक्काचा कायदा 2006 साली आपण लढून मिळवला. त्याच्या 2008 च्या नियमांत, नियम 13 मध्ये, पुरावा कशाला म्हणायचं ते लिहिलंय. वयस्कर माणसांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. जुनी विहीर पुरावा आहे. देवाची जागा पुरावा आहे. आपली माणसं जिथे पुरली ती जागासुद्धा पुरावा आहे. आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. ज्या देशाच्या कायद्यात पुरलेल्या माणसाची जागा जमिनीसाठी पुरावा होते, तिथे त्या माणसाच्या मरणासाठी वाडीची साक्ष का चालत नाही?

म्हणून आपल्या मागण्या:

1. दुसऱ्या लाटेत चाचणीशिवाय गेलेल्यांसाठी वाडीच्या बैठकीचा ठराव, दोन वयस्करांचा जबाब आणि आशाताईंच्या वहीतली नोंद पुरावा म्हणून धरावी. अशी प्रकरणं जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीने ऐकावी, ऑनलाईन अर्जावर परस्पर नाकारू नये.

2. प्रत्येक उपकेंद्रावर अँटिजेन किट कायम असावं, आणि किती आली, किती उरली याचा फलक बाहेर लावावा.

3. पथकाने भट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जावं. आधार नाही, फोन नाही, म्हणून कोणाची चाचणी नाकारू नये. निकाल कागदावर लिहून हातात द्यावा.

4. पॉझिटिव्ह निघालेल्याच्या घरी तेवढ्या दिवसांचं धान्य पोचवावं. मुळशी पेसा क्षेत्रात नाही, हे कारण आम्हाला सांगू नये. भूक पेसाची हद्द बघत नाही.

आणि आपलं काम. येत्या पंधरा दिवसांत प्रत्येक वाडीने बैठक घ्यायची. कोण गेलं, ताप कधी आला, घरात आणखी कोणाला होता, औषध कुठून आणलं, मूठमाती कुठे दिली, हे तारखेसह लिहायचं. तारीख आठवत नसेल तर सण, बाजाराचा दिवस, पहिला वळीव यावरून लावायची. सह्या-अंगठे घ्यायचे, पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवायची. ज्यांना लिहिता येतं त्या पोरापोरींनी शेजारच्या वाडीवरही जावं.

आणि एक सांगणं: आता ताप आला तर पळू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जा, चाचणी मागा, निकालाचा कागद मागा. नाही म्हणाले तर 'नाही' तेवढं लिहून मागा. आपल्याला चाचणी जीव वाचवायला पाहिजे, आणि जीव वाचला नाही तर तो होता हे सांगायलाही पाहिजे.

मावशींच्या मुलाचा अर्ज आपण पुन्हा भरतोय. या वेळी 'रिपोर्ट आहे का' विचारलं, की वाडीचा ठराव पुढे ठेवायचा.

जमीन आमच्या हक्काची, नोंदही आमच्या हक्काची!

जिंदाबाद!