१०८ वर फोन ठेवण्याची घाई करू नका

"पेशंट इकडे शेवटच्या घटका मोजतोय आणि हे तालुका कोणता विचारत बसलेत!" १०८ बद्दलची ही तक्रार ओपीडीत मी नेहमी ऐकतो. राग समजू शकतो. तरी माझं मत वेगळं आहे. त्या प्रश्नांची नीट उत्तरं देणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

राज्यात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिचा नियंत्रण कक्ष उभा राहिला पुण्यात, औंधला. म्हणजे फोन वर्धा जिल्ह्यातून केला तरी उचलणाऱ्याला आपला परिसर माहीत असेलच असं नाही. "कारंज्याहून बोलतोय" म्हटलं तर कोणतं कारंजा? आपलं घाडगेंचं, की वाशिम जिल्ह्यातलं लाडांचं? आष्टी आपल्याकडे आहे तशी बीडमध्येही आहे. सेलू आपलं आणि परभणीचंही. तेव्हा गाव, तालुका, जिल्हा, तिन्ही सांगा. "मारुतीच्या देवळाजवळ" ही खूण पुरेशी नाही, मारुती कोणत्या गावात नसतो? समृद्धी महामार्गावर अपघात झाला असेल तर किलोमीटरचा आकडा सांगा आणि बाजूही सांगा, नागपूरकडे जाणारी की मुंबईकडे. चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीला मधूनच वळता येत नाही.

पुढचे प्रश्न असतात शुद्धीचे आणि श्वासाचे. त्यावरून कोणती गाडी लागेल याचा अंदाज येतो. सुरुवातीच्या ९३७ पैकी प्रगत साधनांच्या गाड्या २३३ च होत्या, बाकीच्या प्राथमिक उपचारांच्या. कुठे न्यायचं हेही तुमच्या उत्तरांवर अवलंबून असतं. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळला, बोलणं अडखळलं, तर हे "किती वाजता" झालं ते सांगा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. स्कॅन नसलेल्या दवाखान्यात आधी थांबलात तर वेळ तिथेच जातो. फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर डबा हातात घेऊन त्यावरचं नाव वाचून दाखवा आणि डबा सोबत न्या. उलटी करवू नका. साप चावला असेल तर "काय करू?" हे फोनवरच विचारा. बांधणं, कापणं, चोखणं नको, तो हात किंवा पाय हलू देऊ नका.

आता तक्रार माझी. हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आष्टीकडच्या खेड्यात एवढ्या वेळात कोणतीच गाडी पोहोचणार नाही, चालकाने कितीही दामटली तरी. तिथे उपयोगी पडेल तो फोनवरचा आवाजच. अमेरिकेतल्या सिएटलच्या परिसरात, किंग कौंटीत, १९८० च्या दशकापासून फोन घेणारे लोक समोरच्याला छाती दाबायला शिकवतात, अगदी मोजून. आपल्याकडेही अशा प्रत्येक फोनवर हे साध्या मराठीत सांगितलं गेलं पाहिजे, आणि तुम्हीही ते मागितलं पाहिजे. नुसत्या गाड्या वाढवून हे काम होणार नाही.

तोवर एवढं ठेवा लक्षात: माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वास घेत नाही, किंवा नुसता आचके देतोय, तर फोन स्पीकरवर टाका. त्याला सपाट जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे. दमलात तर दुसऱ्याला बसवा. आणि एका पोराला टॉर्च देऊन फाट्यावर उभं करा. नंबर तोच राहू द्या, त्या नंबरवर गाडीचा चालक रस्ता विचारायला फोन करू शकतो. गावातले सगळे त्याच वेळी त्या नंबरवर "काय झालं?" विचारत राहिले तर त्याचा फोन लागायचा कसा?