लाटणे उगारण्याचे स्वातंत्र्य

साम्यवादाचा विषय निघाला की आपल्या महाविद्यालयात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, तिथे गरिबाला स्वस्त अन्न मिळाले. दुसरा म्हणतो, तिथे त्या अन्नासाठी जन्म रांगेत गेला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु स्वयंपाकघरात डोकावून पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही. अर्थव्यवस्थेची खरी परीक्षा चुलीपाशी होते, असे मला वाटते.

स्त्रीला चुलीच्या जाचातून सोडवावे, हा रशियन क्रांतीमागचा एक विचार होता. लेनिनने १९१९ मध्येच सार्वजनिक भोजनगृहांचा पुरस्कार केला. कारखान्यांतून तशी भोजनगृहे निघालीही. विचार थोर होता, यात शंका नाही. पण पुढे शेतीचे सक्तीने सामुदायिकीकरण झाले आणि १९३२-३३ च्या दुष्काळात, धान्याचे कोठार समजल्या जाणाऱ्या युक्रेनमध्येच लाखो माणसे उपासमारीने मेली. नंतरच्या काळात पाव स्वस्त राहिला, मांस-लोण्याची टंचाई मात्र हटली नाही. १ जून १९६२ रोजी सरकारने मांस व लोणी महाग केले. दुसऱ्याच दिवशी नोव्होचेरकास्क येथे निषेध करणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला आणि ती बातमी कित्येक वर्षे दडपून ठेवण्यात आली. त्यानंतर भाव वाढवायला सरकार धजेना. भाव स्वस्त आणि दुकानाच्या फळ्या रिकाम्या, अशी अवस्था झाली. कामावरून दमून आलेली बाईच बहुधा रांगेत उभी राही. चूल सुटली नाही ती नाहीच, वर रांगेची भर पडली.

चीनची कथा याहून दारुण आहे. १९५८ मध्ये तेथे गावोगावी सामुदायिक भटारखाने उघडले आणि घरोघरच्या कढया पोलादाच्या भट्टीत गेल्या. अधिकाऱ्यांनी पिकांचे फुगवलेले आकडे वर कळवले. त्या आकड्यांच्या हिशेबाने सरकारने धान्य उचलले. भटारखान्यात दाणा उरला नाही, आणि घरी काही शिजवावे तर भांडे नाही! १९६१ पर्यंत कोट्यवधी माणसे दगावली. खोट्या आकड्यांना खोटे म्हणणारे वृत्तपत्र वा विरोधी पक्ष तेथे नव्हता, याकडे अमर्त्य सेन यांनी लक्ष वेधले आहे.

एकत्र शिजवणे, एकत्र जेवणे यात वाईट काहीच नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, तेव्हापासून आपल्या कोल्हापुरात बोर्डिंगांच्या पंगतींवर पिढ्या शिकल्या. पण तिथे आमटी पातळ झाली तर मुलगा तसे तोंडावर सांगू शकतो.

आता १९७२ चा महाराष्ट्र पाहा. अवर्षणाने शेते करपली होती, आणि मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी लोकांच्या गळी उतरत नव्हती. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे यांच्या जोडीला त्यात अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी या कम्युनिस्ट नेत्या होत्या. हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल रास्त भावात द्या, हीच त्यांची मागणी होती. समान वाटपाचा आग्रह तोच, पण इथल्या बाईला सरकारपुढे लाटणे उगारता येत होते. नोव्होचेरकास्कला ते करता आले नाही.

मंगळवार पेठेतल्या आम्हा मुलांना हे सारे दूरचे वाटेल. परंतु रेशनची पिशवी आपल्याही घरी येते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने कुटुंबातील ज्येष्ठ स्त्रीला शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख मानले, आणि २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. हे चांगलेच झाले. उपाशी माणसाला बाजाराच्या भरवशावर सोडावे, असे मी कदापि म्हणणार नाही. पण त्या कायद्यात भरड धान्य असूनही वर्षानुवर्षे पिशवीत पडले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. जोंधळ्याची भाकरी थापणाऱ्या घरांत चपाती-भाताचे प्रस्थ वाढले, त्याचे हेही एक कारण आहे. कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव लिहिले, तिला काय हवे ते कोणी विचारले?

म्हणून मित्रांनो, रेशन टिकलेच पाहिजे, आणि त्यात काय यावे हे सांगण्याचा अधिकार रांगेतल्या बाईला मिळालाच पाहिजे. जोंधळा हवा असेल तर आपल्या आयांनी तो मागावा, आणि तेव्हा आपण त्यांच्यामागे उभे राहावे.