ग्रंथपरिचय : समाधानाचा शेवट

कथामालेचा आरंभ मोहक करणें सोपें, शेवट गोड करणें कठीण. लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाच्या अद्भुत कथामालेचा पांचवा व अखेरचा भाग, 'द हाय किंग' (१९६८), या कसोटीस उतरतो. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी शिक्षणासाठीं लेखक वेल्समध्यें राहिला. तेथील प्राचीन कथांच्या संस्कारांतून १९६४ पासून ही माला निर्माण झाली. १९६९ सालीं या भागास न्यूबेरी पदक मिळालें.

नायक टॅरन हा आईबापांचा ठावठिकाणा नसलेला, भविष्य जाणणाऱ्या डुकरिणीचा राखणदार. अखेरच्या युद्धांत दुष्टांचा पराभव होतो. परंतु जिवलग सोबती पडतात, आणि गारठलेल्या मित्रांस ऊब मिळावी म्हणून एक भाट आपली प्राणप्रिय वीणा जाळतो. पुढें टॅरनास मृत्युरहित देशीं जाण्याचें निमंत्रण येतें. तो तें नाकारतो. कारण मृत मित्राचा अपुरा समुद्रबांध त्यास बांधावयाचा आहे, उजाड शेतें पिकवावयाचीं आहेत. राजपद त्यास मिळतें तें या नकारानंतर!

मृत्यूचे प्रसंग असलेलें पुस्तक मुलांस द्यावें काय, अशी शंका कांहीं पालकांस येईल. ज्या घरांत आजीच्या तोंडून अभिमन्यूची कथा ऐकली जाते, तेथें ती अस्थानीं होय, असें आम्हांस वाटतें. सुख भोगण्याहून दिलेला शब्द पाळणें मोठें, हा बोध येथें उपदेशावांचून मनांत उतरतो. मात्र पांचही भाग क्रमानें वाचावे. घरांतील वडील मंडळींनीं रात्रीं जेवणानंतर ते मुलांस मोठ्यानें वाचून दाखविल्यास उत्तम.