फुकट डोळे तपासणीचं बिल कोण भरतं?

पोस्ट लांब आहे. पण आपल्या गावातल्या चार घरांना तरी उपयोगी पडेल, म्हणून लिहितोय. वेळ काढून वाचा.

गेल्या आठवड्यात सोलापूरच्याच एका ग्रुपवर कुणीतरी चष्म्याच्या बिलाचा फोटो टाकला. ७,८०० रुपये. खाली कमेंटचा पाऊस. ‘लुटारू आहेत साले’, ‘दोनशेची फ्रेम चार हजाराला लावतात’, वगैरे वगैरे. सगळ्यात जास्त शिव्या कुणाला, तर काउंटरवरच्या पोराला. कुणीतरी लिहिलं होतं, ‘त्या टाय लावलेल्या पोरट्याला डोळ्यातलं काय कळतंय?’

ते पोरटं मी आहे. म्हणजे होतो. साडेसहा वर्षं. एका मोठ्या चेनच्या शोरूममध्ये, आपल्याच शहरात. नाव घेणार नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही आणि मला कुणाशी कोर्टात भांडायची हौसही नाही. आणि डोळ्यातलं मला कळतं. चार वर्षांची ऑप्टोमेट्रीची डिग्री आहे, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं. दुःख तेच आहे, की कळत असून केलं.

आधी एक घोळ मिटवतो. चष्म्याच्या दुकानात जो फ्रेम बसवतो, काच कापतो, फिटिंग करतो तो ऑप्टिशियन. जो नंबर काढतो आणि डोळ्यात काही गडबड दिसली तर पुढे पाठवतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. आणि जे औषध देतात, ऑपरेशन करतात ते डोळ्यांचे डॉक्टर. शोरूममध्ये पहिले दोघं एकच असतात, आणि गिऱ्हाईक त्यालाच ‘डॉक्टर’ म्हणतं. मलाही म्हणायचे. खरं सांगू? बरं वाटायचं. पांढरा कोट कंपनीच द्यायची. आपण डॉक्टर नाही हे गिऱ्हाइकाला सांगायचं राहून जायचं, आणि कुणी ते सांग म्हणून कधी आठवणही केली नाही.

आता ‘फ्री आय टेस्ट’. बाहेर बोर्ड असतो, तो वाचून तुम्ही आत येता. तुमच्यासाठी तपासणी फुकट. पण सिस्टीममध्ये तुमची नोंद ‘वॉक-इन’ म्हणून पडलेली असते. दहा जणांची तपासणी केली आणि सहा जणांनी चष्मा घेतला, तर माझं कन्व्हर्जन ६० टक्के. ते वर गेलं तर इन्सेंटिव्ह. खाली आलं तर रात्री व्हॉट्सॲपवर एरिया मॅनेजरचा मेसेज, सगळ्या स्टोअरच्या देखत. दुपारी बाराला फिगर टाका, चारला टाका, आठला टाका. शिवाय ॲव्हरेज बिल वेगळं. नुसता चष्मा विकून चालत नाही, महाग विकावा लागतो.

म्हणजे तुमच्या डोळ्यांत काय आहे हे सांगणारा माणूस आणि तुम्हाला चष्मा विकला तरच ज्याचा पगार सुटतो तो माणूस, एकच. आणि त्याच्या हिशोबात ‘तुम्हाला चष्म्याची गरज नाही’ हे वाक्य म्हणजे तोटा. ‘आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, मग चष्म्याचं बघू’ हाही तोटाच. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा पसारा.

एक प्रसंग सांगतो, जो मी चार वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. जानेवारीत यात्रेची ऑफर असते, एकावर एक. रविवार. नीट नंबर काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी माझ्याकडे माणशी सात-आठ होती. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात उभी हयात काढलेले एक काका, सोबत मुलगी. आत येताना ते डिस्प्ले स्टँडला धडकले. पोरगी ओरडली, ‘अप्पा, बघून चाला की.’ डाव्या डोळ्याला नंबर लावल्यावर चार्ट बऱ्यापैकी वाचला. उजव्याला मात्र कुठलीही काच लावा, वरच्या तीन ओळींच्या खाली काही जाईना.

अशा वेळी एक साधं काम करायचं असतं. पिनहोल. बारीक भोकाची काळी चकती, डोळ्यासमोर धरायची. त्यातून जास्त दिसलं तर दोष नंबरचा, चष्म्याने सुधारतो. नाही दिसलं तर शंका घ्यायची, की गडबड चष्म्याच्या पलीकडची आहे. पहिल्या वर्षाचं पोरगंही हे सांगेल. मी चकती धरली. काकांना काही फरक पडला नाही.

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. बाजूचं दिसत नाही म्हणून स्टँडला धडकले, एका डोळ्याला पिनहोलनेही फरक नाही, वय साठीच्या पुढे. पोरगीने विचारलं, ‘मग डॉक्टर, चष्मा करायचा का?’ काचेच्या पलीकडे मॅनेजर उभा होता. त्याने काही खूण केली नाही, उगीच त्याच्यावर घालणार नाही. मीच म्हणालो, ‘करून घ्या, फरक पडेल. आणि वेळ मिळाला की एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या.’

वेळ मिळाला की! चिठ्ठीच्या तळाशी मी इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलंही, की नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर माझे हात स्वच्छ. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पोरगीला तळाचं बारीक अक्षर वाचायचं सुचलं नाही. बिल झालं ५,४०० चं, प्रोग्रेसिव्ह.

आठ-नऊ महिन्यांनी ती एकटी आली. भांडायला नाही. फ्रेमचा स्क्रू बसवून घ्यायला. सहज विचारलं तर म्हणाली, काचबिंदू निघाला, उजवा डोळा गेला, डाव्यात थेंब घालतोय, तो तरी टिकंल म्हणलेत डॉक्टर. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने राखता येते, म्हणून त्यात महिनेसुद्धा मोलाचे असतात. उजवा तेव्हाच बराचसा गेलेला असणार, हे मला माहीत आहे. पण डाव्याचे आठ महिने मी घालवले. स्क्रू बसवला, पैसे घेतले नाहीत. जाताना ती ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणाली.

आता कुणी म्हणेल, ही तुझी चूक, कंपनीचा काय संबंध? चूक माझीच आहे, कबूल. पण त्या शोरूममध्ये रेफर केलेला माणूस कुठल्याही रकान्यात काम म्हणून धरला जात नव्हता. विकलं किंवा नाही विकलं, दोनच रकाने. हाताला १४,५०० पगार, बहिणीचं लग्न व्हायचं, असा पोरगा दिवसातून तीसदा या दोन रकान्यांमधून निवड करणार. दर वेळी तो सज्जन निघेल या भरवशावर तुमचे डोळे सोडायचे का?

कुंभारीच्या घरकुलातून विडी कामगार बायका यायच्या. त्यांना लागायचं काय, तर मांडीवरच्या सुपात पान-तंबाखू नीट दिसावी. साधी जवळची काच पुरते, काम तासन्‌तास जवळचंच, दोन्ही बाजूंना मोकळी नजर हवी. आम्ही द्यायचो प्रोग्रेसिव्ह, ज्यात जवळचं दिसायला खाली एवढुशी पट्टी असते. का? कारण साध्या काचेने ॲव्हरेज बिल पडतं. आठ दिवसांनी मावशी परत. ‘डोळं गरगरतंय बाळा, मान धरती.’ आम्हाला शिकवलेलं उत्तर, ‘सवय होईल.’ हजारी विड्यांवर मजुरी घेणाऱ्या बाईची महिन्याची कमाई त्या काचेत गेलेली, आणि सवयही तिनेच करायची!

ब्लू कटचं तर विचारूच नका. एक निळा पेन, एक कार्ड. साध्या काचेतून पेन मारला की कार्डावर डाग उमटतो, ब्लू कटमधून उमटत नाही. पोराची आई घाबरते, आपण बिलात आठशे वाढवतो. मी ही जादू शेकडो वेळा केली. त्या पेनाचा प्रकाश जांभळ्याकडे झुकलेला असतो, मोबाईलच्या पडद्यातला निळा प्रकाश तसा नसतो. आणि २०२३ मध्ये कोक्रेनने १७ चाचण्या एकत्र तपासून सांगितलं, की संगणकावर काम करून डोळ्यांना येणारा थकवा या काचांनी निदान थोड्या काळात तरी कमी होत नसावा. पेन अजून काउंटरवर आहे.

चेनवाल्यांची एक बाजू मात्र सांगितलीच पाहिजे. किमतीचं लेबल असतं, पक्कं बिल मिळतं, मशीन बरी असते, मला पीएफ होता. आपल्या पेठेतली काही दुकानं अशी आहेत, जिथे काकांनी डोळा कधी शिकलेलाच नाही आणि कॉम्प्युटरने काढून दिलेला नंबर जसाच्या तसा काचेत उतरतो. लहान पोरांचा असा नंबर हमखास चुकतो, कारण पोरं मशीनमध्ये बघताना डोळ्यावर जोर देतात आणि उणे नंबर जास्त येतो. तिथे थेंब टाकून तपासायला लागतं. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ मला सांगू नका. पण चेनने जो शिकलेला माणूस आणून बसवला, त्याच्या शिक्षणाचा उपयोग गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा एवढ्यापुरताच केला, हा माझा राग आहे. बरं, बसवला म्हणतोय खरा. दहा तासांत बसायला मिळायचं ते फक्त तपासणीच्या खोलीत. फ्लोअरवर स्टूल मागितलं तर ‘गिऱ्हाइकाला आळशी वाटतं’. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायचा हक्क कायद्यात लिहिला, ते वाचून आम्ही चौघं हसलो होतो.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये संसदेने आमच्यासारख्यांसाठी आयोग नेमणारा कायदा केला, ऑप्टोमेट्रिस्ट त्यात आहेत. चांगलंच आहे, नोंदणी होऊ दे, बोगस लोक गळू दे. पण नोंदणी झालेल्या माणसाचा पगार चष्म्याच्या बिलावर ठरावा का, हा प्रश्न तसाच राहतो.

फार मोठं काही मागत नाही. तपासणीची फी लावा, दोनशे रुपये, आणि त्याचा चष्म्याशी संबंध तोडा. आता तुम्हीच म्हणाल, फुकट मिळतंय ते कशाला घालवायचं? ते फुकट नाहीये हो. त्या ७,८०० मध्येच ते आहे, शिवाय त्यात माझा सल्लाही विकत गेलाय. दुसरं, कुणाला पुढे पाठवलं तर ते काम म्हणून मोजा. तिसरं, नंबरचा कागद हातात द्या. अमेरिकेत १९७८ पासून तसा नियम आहे, ब्रिटनमध्ये १९८९ च्या कायद्यात आहे. मागायचीही गरज नाही, तपासणी झाली की द्यायचाच. आमच्याकडे ‘सिस्टीममध्ये सेव्ह आहे, कधीही या’ असं गोड बोलून कटवायचो. फारच मागे लागला तर द्यायचो, पण पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, लिहायचं नाही. त्याशिवाय दुसरीकडे चष्मा नीट बनत नाही, ते वापस आपल्याकडेच येतात.

‘आता बाहेर पडलास म्हणून बोलतोस’ असं माझा एक जुना सहकारी परवा म्हणाला. बरोबर आहे. आत असताना नाही बोललो. आता एका ट्रस्टच्या दवाखान्यात नंबर काढतो. पगार जवळपास तेवढाच, आठ वाजता फिगर टाकायची नसते. माझं स्वतःचं दुकान नाही, त्यामुळे इनबॉक्समध्ये ‘मग कुठून घेऊ’ विचारू नका.

उद्या रविवार, बरेच जण जाल. काउंटरवरच्या पोराला शिव्या देऊ नका. त्याला विचारा, ‘पिनहोल लावून बघितलं का? चष्म्याने पूर्ण दिसतंय का दोन्ही डोळ्यांनी, वेगवेगळं?’ त्याला कळतं, खरं सांगायला त्याला तुमच्या प्रश्नाचा आधार लागतो. सहा महिन्यांत दोनदा नंबर बदलला असेल तर तिसरी फ्रेम बघू नका, शुगर तपासा. घरात कुणाला काचबिंदू असेल आणि तुम्ही चाळिशी ओलांडली असेल तर नंबरच्या तपासणीवर थांबू नका.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या चिठ्ठ्या काढा आज. चष्म्याच्या डबीत, नाहीतर देव्हाऱ्याखालच्या खणात असतील. तळाशी इंग्रजीत बारीक अक्षरात काही लिहिलेलं दिसलं तर वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या. नाही कळलं तर फोटो मला पाठवा, वाचून सांगतो. आणि सोमवारी सकाळी सिव्हिलला नेऊन डोळ्यांच्या विभागाचा केसपेपर काढा. गर्दी असते, लवकर जा.