पी हळद अन् हो गोरी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडून बसतो न बसतो तोच तासगाव भागातले एक ओळखीचे शेतकरी मुलाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत आले. वय साठीच्या आसपास, मधुमेह दहा-बारा वर्षांचा. त्यांचे नाव येथे सांगत नाही. आपण त्यांना तात्या म्हणू. उजव्या पायाला धोतराची चिंधी बांधलेली होती. ती सोडू लागलो तशी खोलीत दुर्गंधी पसरली. आत तेलात कालवलेल्या हळदीचा घट्ट लेप आणि त्यावर दगडीपाल्याचा चोथा. लेप धुऊन काढला तेव्हा अंगठ्याशेजारचे बोट काळे पडलेले दिसले.

पायात बाभळीचा काटा मोडून बारा दिवस झाले होते. रक्तातली साखर 340 निघाली. "तात्या, इतके दिवस थांबलात कशाला?" मी जरा रागानेच विचारले. त्यांनी मुलाला खूण केली. मुलाने खिशातून घडी घातलेले एक कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवले. ते याच सदराचे होते. घरातली हळद कशी जंतुनाशक आहे, हे सांगणारा तो लेख मीच लिहिलेला. "तुमीच लिवलं हुतं न्हवं, डॉक्टर? म्हणून तर लावली," तात्या म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागले.

मिरजेला शस्त्रक्रिया होऊन ते बोट काढावे लागले, पाय वाचला. ते कात्रण अजून माझ्या खणात आहे. मी ते पुन्हा वाचून पाहिले. त्यातले एकही विधान खोटे नव्हते, पण लेख अर्धाच होता. राहिलेला अर्धा आज लिहितो आहे.

बशीतले वर्तुळ

"अमुक वनस्पतीच्या अर्काने जंतू मरतात" हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात, ते आधी पाहू. काचेच्या एका चपट्या बशीत जंतूंचे खाद्य घातलेला थर असतो. हा थर समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगर नावाच्या पदार्थाने घट्ट केलेला असतो. त्यावर जंतू पसरतात आणि वनस्पतीच्या अर्कात बुडवलेली कागदाची चकती मध्ये ठेवतात. रात्रभर बशी उबेत राहिली की सगळीकडे जंतूंची साय धरते. चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ दिसले, तर त्या अर्काने जंतूंची वाढ रोखली असे म्हणतात.

चाचणी चांगली आहे आणि स्वस्तही आहे. पण ती नेमके काय सांगते? त्या बशीत, त्या जातीच्या जंतूंवर, तेवढ्या तीव्रतेच्या अर्काचा परिणाम झाला, एवढेच. फिनेलचा थेंब टाकला तरी वर्तुळ पडते. म्हणून फिनेल कोणी पीत नाही की जखमेत ओतत नाही. जंतूंना मारणारे द्रव्य आपल्या शरीरातल्या पेशींनाही मारते का, हे बशी सांगत नाही. पोटात घेतल्यावर ते रक्तात पुरेसे उतरते का, जखमेच्या तळापर्यंत पोहोचते का, हेही सांगत नाही.

शिवाय जंतू सगळे सारखे नसतात. काही जातींना बाहेरून एक जादा आवरण असते. बऱ्याच वनस्पतींचे अर्क साध्या आवरणाच्या जंतूंवर चालतात आणि या चिलखतवाल्यांपुढे थिटे पडतात. मधुमेह्याच्या चिघळलेल्या जखमेत तर अनेक जातींचे जंतू एकाच वेळी नांदत असतात.

आणखी एक बाब. प्रयोगशाळेत बहुधा अल्कोहोलसारख्या द्रवात काढलेला अर्क वापरतात. आपण घरी पाण्यात काढा करतो. जे अल्कोहोलमध्ये उतरते ते पाण्यात उतरेलच असे नाही. लसणाचेच घ्या. त्यातले जंतुनाशक द्रव्य, अ‍ॅलिसिन, 1944 साली अमेरिकेत वेगळे काढण्यात आले. हे द्रव्य अख्ख्या पाकळीत तयार स्वरूपात नसतेच. पाकळी ठेचली की तिच्यातले दोन घटक एकत्र येतात आणि मग ते बनते. अख्खी पाकळी उकळली किंवा फोडणीत तळली, तर ते घडवून आणणारा घटकच उष्णतेने निकामी होतो. लसूण तोच, पण बशीतला वेगळा आणि आमटीतला वेगळा.

हळदीचा खटला

हळदीचा अभिमान आपल्याला जरा अधिकच. सांगलीच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तो असायचाच. त्यात 1995 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले आणि देशभर खळबळ उडाली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला 1953 सालचा निबंध असे पुरावे मांडले. 1997 साली पेटंट रद्द झाले. आपला मराठी माणूस जिंकला, याचा आनंद मलाही झाला होता. माझ्या त्या लेखात या विजयाचे वर्णन अर्धा रकाना भरून होते.

पण त्या निकालाचा अर्थ आपण सोयीने लावला. त्या खटल्यात प्रश्न एवढाच होता, की हे ज्ञान नवे आहे का? उत्तर आले, नाही. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, असे त्या निकालात कोणी म्हटलेले नाही. तो प्रश्नच तेथे नव्हता.

हळदीतले मुख्य द्रव्य कुर्क्युमिन. बशीत ते जंतूंची वाढ रोखते, हे खरे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते आणि उतरते तेही लवकर मोडते. हळद घातलेले दूध प्यावे, घसा शेकतो, बरे वाटते. पण ते पिऊन पायातल्या पुवाचे जंतू मरतील ही आशा म्हणजे 'पी हळद अन् हो गोरी' याच जातीची. हल्ली हळदीच्या अर्काच्या जहाल गोळ्या निघाल्या आहेत. त्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांत झाल्या आहेत. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि गोळीतला अर्क वेगळा, हे ध्यानात ठेवावे.

आता डब्यातल्या हळदीविषयी. हळकुंडे शिजवतात, उन्हात पसरून वाळवतात, पोत्यांत भरतात, गिरणीत दळतात. या प्रवासात तिला धूळमाती लागते. मातीतले काही जंतू बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि मसाल्याच्या भुकटीत असे बीजाणू अनेकदा सापडतात. स्वयंपाकात त्याने सहसा बिघडत नाही. पण काट्याच्या खोल, अरुंद जखमेवर अशा भुकटीचा घट्ट लेप थापला, तर घाण आत कोंडते आणि हवा बंद होते. धनुर्वाताच्या जंतूला हवा नसलेली जागाच मानवते. भेसळीचा रंग असलेली हळद तर आणखी वाईट.

तात्यांच्या बाबतीत मधुमेहाने दुसरे दार उघडले होते. पायाच्या नसा बधिर झाल्याने दुखणे कळत नव्हते. रक्तपुरवठा कमी आणि साखर जास्त, म्हणजे जंतूंना मोकळे रानच. "दुखत नाही, म्हणजे हळदीने गुण येतोय," असे त्यांना वाटत राहिले. हळदीने त्यांचे बोट गेले नाही. हळदीवर विसंबून घालवलेल्या बारा दिवसांनी गेले.

झाडे खोटी नाहीत

याचा अर्थ वनस्पतींत काही नाही, असा कृपा करून काढू नका. झाडाला शत्रू आला म्हणून पळता येत नाही. बुरशी, कीड आणि जंतू यांच्याशी त्याला जागेवर उभे राहून लढावे लागते. त्यासाठी ते कडू, तिखट, उग्र द्रव्ये तयार करते. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्य आजही दातात भरायच्या औषधात वापरतात. बाजारात 'ओव्याचे फूल' म्हणून मिळतात ते स्फटिक म्हणजे थायमॉल. गुळण्यांच्या औषधांत ते असते. सिंकोना झाडाच्या सालीतून 1820 साली क्विनीन वेगळे झाले आणि हिवतापावर हुकमी औषध हाती आले.

चीनमधल्या तू यूयू या संशोधक बाईंची गोष्ट मला फार मोलाची वाटते. हिवतापावर औषध शोधताना त्यांच्या हाती चौथ्या शतकातला एक ग्रंथ आला. दवण्याच्या कुळातली एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तिचा रस प्यावा, असे त्यात सांगितले होते. उकळायला सांगितले नव्हते. त्यावरून त्यांनी ओळखले, की उष्णतेने गुण जात असावा. मग त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. 1971 साली तो प्राण्यांवर चालला. रुग्णांना देण्यापूर्वी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले, लाखो प्राण वाचले आणि 2015 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीत जुन्या ग्रंथाचा मान आहेच, पण तो वाचून बाई थांबल्या नाहीत. गुण कशात आहे, किती मात्रेत आहे, अपाय काय, हे त्यांनी तपासले. आजही त्या वनस्पतीच्या पानांचा चहा हिवतापावर घेऊ नये, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहात औषध किती उतरेल याचा भरवसा नसतो आणि अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात.

आम्हा डॉक्टरांचेही चुकते

निर्ढावलेल्या जंतूंचा विषय निघाला तर दोष एकट्या घरगुती औषधांवर टाकता येणार नाही. साध्या सर्दीला, जी विषाणूंमुळे होते आणि जिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, आम्ही ती सर्रास लिहून देतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रुग्ण दुसरीकडे जाईल, ही धास्ती त्यामागे असते. मीही तसे केलेले आहे. रुग्णही उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देतात. अनेक महत्त्वाची प्रतिजैविके 2014 पासून कायद्याने वेगळ्या यादीत घातली आहेत. दुकानदाराने त्यांच्या विक्रीची नोंद ठेवायची असते. पाकिटावर लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय मागू नये. आहेत ती औषधे बोथट होत चालली आहेत, म्हणून तर झाडांकडे गंभीरपणे पाहण्याची गरज वाढली आहे. पण गंभीरपणे पाहणे म्हणजे तपासून पाहणे.

माझी एक विनंती वर्तमानपत्रांना आहे, या पत्रालाही. आपल्या महाविद्यालयांतली मुले मेहनतीने अर्क काढतात, बशीत वर्तुळे मोजतात. त्याचे कौतुक जरूर छापा. पण "अमुक पाला जंतूंवर रामबाण" असा मथळा देऊ नका. "काचेच्या बशीत" हे दोन शब्द मथळ्यात बसवा. त्या दोन शब्दांनी कुणाचे तरी बोट वाचेल. मोबाइलवरून फिरणारे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनाही हेच सांगणे.

मग करायचे काय?

भाजी चिरताना बोट कापले, तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने ते नीट धुवा, स्वच्छ फडके दाबून धरा. जखमेला सगळ्यांत मोठा आधार धुण्याचा असतो. लेपाचा नंबर फार नंतरचा. खिळा, काटा, शेतातले अवजार यांची खोल जखम असेल तर काही न थापता दवाखाना गाठा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. बाळाच्या नाळेला हळद, राख, तेल, शेण काहीही लावू नका. ती कोरडी राहू द्या. तान्ह्या बाळाला कडुनिंबाचे तेल पाजू नका, त्याने मेंदूवर परिणाम होऊन बाळे दगावली आहेत. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर अडुळशाच्या काढ्यावर दिवस काढू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

आणि मधुमेह्यांनो, रोज रात्री झोपण्यापूर्वी पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. अनवाणी फिरू नका. जखम दिसली, तर ती दुखो न दुखो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा.

तात्या परवा साखर तपासायला आले होते. पायात बूट होते. जाताना म्हणाले, "आता नवीन लिवाल तर सांगा, जुन्या कात्रणावर चिकटवून ठेवतो." तात्या, हा तो लेख.