चोर सोडून संन्याशाला सुळी

मुंबई-आग्रा महामार्ग धुळे शहर मागे टाकून शिरपूर, सेंधव्यावरून उत्तरेस जातो, खलघाटापाशी नर्मदा ओलांडतो आणि धार जिल्ह्यातील धामनोदला पोहोचतो. धारच्या पवारांमुळे आणि जवळच्याच महेश्वरी असलेल्या अहिल्याबाईंच्या राजधानीमुळे हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. या पट्ट्याच्या दोन टोकांना, धुळ्याकडे 2018 साली आणि धामनोदकडे 2020 साली, जमावाने निरपराध माणसांचा जीव घेतला. दोन्हीकडे शस्त्र एकच होते: ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ ही आवई. समाजमाध्यमांवरील अनिर्बंध भाषणस्वातंत्र्याची चर्चा दिल्लीच्या परिसंवादांत पुष्कळ होते. ती एकदा या रस्त्यावर उभे राहून करावी, असे आम्हांस वाटते.

1 जुलै 2018 हा रविवार होता. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तेथे पोहोचले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना मारीत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तेथेच त्या पाचांचा अंत झाला. भैरवनाथाची गाणी म्हणत गावोगाव हिंडणे हा ज्यांचा पिढीजात मार्ग, ज्यांच्या झोळीत पसाभर धान्य घातल्यावाचून आपल्या आया-आज्या त्यांना दारातून परत पाठवीत नसत, ते हे लोक. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण इतकी अक्षरशः खरी होताना महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असेल. येथे तर चोरही मुळात नव्हता! त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबावर असाच प्रसंग ओढवला होता. त्यांच्यात दोन वर्षांचे मूलही होते. पोलिसांनी आणि काही स्थानिक लोकांनी जिवावर उदार होऊन त्यांना वाचविले.

ही आवई कशातून उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून ओळीने ठेवलेल्या मृत बालकांची छायाचित्रे फिरत होती. ती 2013 साली सीरियात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होती. खाली मजकूर मात्र आपल्याकडच्या मुलांचे अवयव काढून नेल्याचा. दुसरी एक चित्रफीत होती, त्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात. ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनविलेली होती. मूळ फितीत ते दोघे परत येऊन मूल सोडतात आणि फलक दाखवितात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. असत्य रचण्यासाठी फार काही करावे लागत नाही, सत्याचे शेपूट छाटले की काम भागते.

धामनोदच्या पश्चिमेस, मनावर तालुक्यातील बोरलाई गावी 5 फेब्रुवारी 2020 रोजी जे घडले, ते याच्या पुढची पायरी होते. उज्जैन-इंदूरकडचे काही शेतकरी मजुरांना दिलेली उचल परत मागण्यासाठी मोटारींतून या भागात आले होते. मजूर पैसे घेऊन कामावरून निघून गेले होते, इतकाच हा व्यवहाराचा तंटा. वादावादी झाली, दगड आले, शेतकरी मोटारी घेऊन पळाले. आणि पुढच्या गावी ‘मुले पळविणारे येत आहेत’ असा निरोप त्यांच्याआधी पोहोचला. बोरलाईत रस्ता अडवून जमावाने त्यांना दगड-लाठ्यांनी मारले. एक जण मरण पावला, बाकीचे गंभीर जखमी झाले आणि पुढे काही पोलीस निलंबित झाले. राईनपाड्यात लोकांनी खोट्यावर विश्वास ठेवला. बोरलाईत त्या विश्वासाचा कोणीतरी जाणूनबुजून उपयोग करून घेतला. दोन वर्षे आवया मुरल्यानंतर एक शब्द उच्चारला की जमाव तयार, अशी ही जमीन नांगरली गेली होती.

हे सारे आदिवासी पाड्यांच्या अज्ञानाच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह शहरी वाचकाला होईल. पण सीरियाची छायाचित्रे पाड्यांवर तयार झाली नव्हती; ती पुढे ढकलणाऱ्यांत शिकलेसवरलेले, पेन्शनीत निघालेले, सकाळी सुविचार पाठविणारे पुष्कळ होते. संगणकतज्ज्ञांची नगरी म्हणविणाऱ्या पुण्यात 2 जून 2014 रोजी हडपसर भागात एका तरुण संगणक अभियंत्याची हत्या झाली. निमित्त होते फेसबुकवरील विटंबनेच्या चित्रांचे, आणि त्या चित्रांशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. त्या खटल्यातील आरोपी 2023 साली निर्दोष सुटले. सप्टेंबर 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातील लवंगा येथे पंढरपूरच्या वाटेवरील चार साधूंना मुले पळविणारे समजून मारहाण झाली. ते वाचले, एवढेच समाधान.

वृत्तपत्राच्या धंद्यात असलेल्या आम्हांला येथे एक फरक तीव्रतेने जाणवतो. प्रत्येक अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे बारीक टायपात असतात. वाचक ती वाचीत नाहीत. पण 1867 च्या कायद्याने ती ओळ सक्तीची केली आणि 2023 च्या नव्या कायद्यानेही छापील शब्दाला धनी असावा लागतो. अब्रूनुकसानीचा दावा त्या नावावर होतो, तुरुंगातही तेच नाव जाते. समाजमाध्यमाने ही ओळ पुसून टाकली. बोलणारा पडद्याआड आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो भर चौकात उघडा, अशी उलटी व्यवस्था तेथे आहे. सीरियाच्या छायाचित्राखाली मजकूर घालणाऱ्याची गोपनीयता शाबूत राहिली. राईनपाड्यात प्राण सोडणाऱ्यांच्या अखेरच्या क्षणांची मात्र फीत निघाली, आणि ती त्यांच्या बायकामुलांनाही पाहावी लागली असेल. गमतीचा भाग असा की, जुलै 2018 मध्ये लोकांना सावध करण्यासाठी व्हॉट्सॲप कंपनीला अखेर वृत्तपत्रांतच पानभर जाहिराती द्याव्या लागल्या. त्याच महिन्यात निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा तिने भारतासाठी घातली. आणि 2020 मध्ये वारंवार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. राईनपाड्याच्या आधी हे सुचायला काय हरकत होती?

मग सरकारने लगाम खेचावा काय? येथे पूर्वानुभव फारसा उत्साहवर्धक नाही. 2012 साली पालघरच्या दोन मुलींना एका साध्या फेसबुक मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने केवळ पसंती दर्शविली होती. ज्या कलमाचा असा वापर झाला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले आणि ते योग्यच झाले. 2021 च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांवर निरोपाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले, त्याला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एका अफवाखोरासाठी कोट्यवधींची पत्रे फोडता येतील अशी सोय करणे आम्हांस धोक्याचे वाटते. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले आहे. शिवाय मूळ कर्ता सापडला तरी ज्या शेकडो हातांनी तो निरोप पुढे सरकविला, त्यांचे काय? आमच्या मते जबाबदारी पुढे पाठविणाऱ्याची धरली पाहिजे, आणि निरोप बेसुमार पसरेल अशी यंत्ररचना करणाऱ्या कंपनीची.

2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडून मोठी आशा दाखविली जाते. परंतु व्यक्तीने स्वतःच्या खाजगी वा घरगुती कामासाठी केलेला वापर त्यातून वगळला आहे. कुटुंबाच्या गटात एखाद्या अनोळखी माणसाचे छायाचित्र ‘सावध राहा’ म्हणून टाकणारा या कायद्याच्या कक्षेत येणे कठीणच.

आमच्या गोव्याने हे दूरचे समजू नये. बांधकामावरचा मजूर, चतुर्थीच्या सुमारास येणारा नंदीबैलवाला, दारोदार वस्तू विकणारा ‘भायलो’ यांची छायाचित्रे गावोगावच्या गटांवर अशाच शेऱ्यांनिशी फिरतात, आणि त्या छायाचित्रातल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा एक अधिकारी याच कामासाठी नेमण्यास सांगितले होते. आपल्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, आणि अशा छायाचित्राखालचा मजकूर खोटा असल्याचे तासाभरात जाहीर करण्याची यंत्रणा त्याच्यापाशी आहे की नाही, हे प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लिहिलेले दिसावयास हवे. गटांच्या चालकांनीही तो क्रमांक आजच जवळ करून ठेवावा.