हिरवा रंग आणि रिकामी तिजोरी

आगाशीला सार्वजनिक बाग हवी, असे म्हटले की गावातला जुना माणूस हसतो. सारे गावच केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांत वसलेले. मग आणखी बाग कशाला? सुकेळीसाठी नावाजलेल्या या गावाचा अभिमान रास्त आहे. परंतु वाडी खाजगी असते. मालकाने ती विकली की शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढची हिरवळही नाहीशी होते. भवानीशंकराच्या देवळाजवळचा तलाव जसा सर्वांचा, तशी वाडी नव्हे.

मुंबईचे शिवाजी पार्क म्हणजे इमारतींतून चुकून उरलेला माळ नव्हे. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीचे परिणाम दाखविल्यावर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेने आधी जमीन, मग रस्ते आणि नंतर घरे असा क्रम घालून दिला. पुढे १९२५ साली हे मैदान लोकांना खुले झाले आणि १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून, त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या विराट सभा तेथे भरू शकल्या, कारण जागा पाव शतकाहून अधिक काळ आधी राखलेली होती!

वसई-विरारमध्ये हा क्रम उलटला. सिडकोकडे नियोजन आले १९९० साली आणि विकास आराखडा मंजूर झाला २००७ साली. त्या सतरा वर्षांत बांधकामे आराखड्याची वाट पाहत थांबली, असे कोण म्हणेल? २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्या वाट्याला नकाशावरचा हिरवा रंग आला.

हा रंग टिकाऊ नाही. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे राखीव जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. २००७ च्या आराखड्याची ती दहा वर्षे २०१७ मध्येच सरली. मालकाला बोल लावण्यात अर्थ नाही. मोबदला नाही आणि बांधकामही नाही, अशा अवस्थेत त्याने किती काळ राहावे? दोष पैशाची तरतूद न करता बागा आखणाऱ्या कारभाराचा आहे.

म्हणून नव्या बागांच्या घोषणांपूर्वी महानगरपालिकेने जुना हिशेब मांडावा: बागेसाठी राखलेले कोणते भूखंड ताब्यात आले, कोणत्यांवर नोटिसा आल्या आणि कोणते हातचे गेले. आगाशीकरांनी आपल्या सर्व्हे नंबरांपासून ही विचारणा सुरू करावी.